गालातलं तेल

...आणि ढेकर म्हणाल तर, तुम्हाला सांगतो, सकाळी आठ वाजता गोळी घ्यायची आणि अकरा वाजेपर्यंत पोटात मासा पोहत असतो, मधूनमधून वर येतो, दार वाजवतो, परत खाली जातो, आणि गोळी तरी काय लहानसहान आहे का, करंगळीच्या पेराएवढी, पिवळी, चकचकीत, उजेडात धरली तर अंगठीत बसवावी अशी दिसते, पण गिळायची म्हटलं की घसा आधी विचार करतो... नाही नाही, तुम्ही बसा, उठू नका, बायकोला आत नेलंय व्यायामाला, अर्धा तास तरी लागेल, तुमचाही नंबर इतक्यात येत नाही. मी तसा बोलणारा माणूस नाही. कुणालाही विचारा. आमच्या गल्लीत कित्येकांना मी मुका वाटायचो.

त्याला कारण आहे. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पन्नास वर्षं झाली. मशीन उघडलं की पाच-सात स्क्रू निघतात, ते टेबलावर ठेवले तर घरंगळतात, आणि जमिनीवर गेलेला स्क्रू परत मिळत नाही, म्हणून ते गालात ठेवायचे. मोठे उजव्या गालात, बारीक डाव्या गालात. कुठला कुठल्या भोकाचा ते जिभेला माहीत असतं. मी स्क्रू गालात ठेवून चहा प्यायलोय, शिंकलोय, एकदा तर झोपलोय, पण आजवर एकही स्क्रू पोटात गेला नाही. मला वाचता जेमतेम येतं, हिशेब बोटांवर, पण गालात वस्तू ठेवण्याची विद्या म्हणाल तर माझ्याएवढी कुणाकडे नसेल. आणि तिथेच घात झाला बघा.

झालं काय, मागच्या वर्षी मुलगी आली. एकुलती एक, शाळेत शिकवते, वाचन फार. येताना एक भलीमोठी बाटली घेऊन आली आणि फोनवर काहीतरी काढून बसली माझ्यासमोर. म्हणाली, "बाबा, नीट ऐका. उंदरांना माशाचं तेल खायला घातलं. मग त्यांच्या मेंदूचं रक्त थोडा वेळ अडवलं. तर ज्यांनी तेल खाल्लं होतं त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं."

मी तोंडातले स्क्रू काढले. म्हटलं, "उंदरांना झटका येतो?"

"येत नाही बाबा, आणतात."

"कोण आणतं?"

"शास्त्रज्ञ."

"उंदरांनी काय केलं होतं त्यांचं?"

"ते सोडा. तुमचा रक्तदाब बघा, आईचा बघा. उद्यापासून दोघांनी रोज एकेक गोळी. म्हणजे उद्या काही झालंच तर मेंदूला जरा आधार."

मी म्हटलं, "मी काय उंदीर आहे?"

तर म्हणाली, "नाही बाबा. उंदीर ऐकतो."

मी स्क्रू परत गालात ठेवले.

पहिल्या दिवशी मी गिळली, खोटं नाही सांगत. अगदी प्रामाणिकपणे गिळली. आणि दहा वाजता एका बाईंच्या घरी त्यांचं मशीन उघडून आत डोकं घालून बसलो होतो, तर खालून मासा आला वर. असा आला की बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कसला हो वास?" मी म्हटलं, "मशीन जुनं आहे." तुम्हाला सांगतो, त्या बिचाऱ्या मशीननं आयुष्यात मासा बघितला नव्हता. पण मी बिनदिक्कत त्याच्यावर ढकललं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हा माणूस पुढे काहीही मशीनवर ढकलेल.

दुसऱ्या दिवशी बायकोनं गोळी दिली, पाण्याचा पेला दिला, मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यालो, गळ्याची घाटी वर-खाली केली, पेला ठेवला... आणि गोळी डाव्या गालात. मी ठेवली नाही हो. जिभेनं ठेवली. तिला काय माहीत हा स्क्रू नाही म्हणून? हिनं विचारलं, "घेतली?" मी म्हटलं, "घेतली." स्वच्छ शब्दांत म्हटलं, कुठे अडखळलो नाही, गालात गोळी असताना. पन्नास वर्षांची मेहनत आहे ती.

खिडकीजवळच्या माझ्या टेबलाशी गेलो आणि गोळी तळहातावर काढली. आता फेकायची, तर ते होईना. तेल कसं फेकणार? मी तेलाचा माणूस, बाटलीच्या तळाशी थेंब उरला तर बाटली रात्रभर उलटी टांगून ठेवणारा. म्हणून सुई घेतली, गोळीला टोचली, आणि तेल पिळलं लांब चोचीच्या डबीत. मशीनला घालायच्या तेलाच्या डबीत. काय सुरेख तेल होतं ते, पातळ, सोनेरी, चोचीतून थेंब असा सुटायचा की बघत राहावं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. नवीन तेल गिऱ्हाइकाच्या मशीनला घालायचं नाही, आधी घरच्या मशीनला घालून बघायचं. घरचं मशीन म्हणजे हिचं. हातमशीन आहे, उजव्या हाताला चाक, चाकाला दांडा. लग्नानंतर मीच मोडक्यातून उभं करून दिलं होतं, तेव्हापासून ती त्यावर सगळ्या गल्लीचं उसवलेलं शिवते. त्याला घातलं.

आता तुम्ही म्हणाल, खायचं तेल मशीनला? अहो, तेच तर. पन्नास वर्षं मी बायकांना ओरडत आलोय, "खायचं तेल घातलंत? मशीन काय जेवतं का?" कारण खायचं तेल आधी छान चालतं, मग चिकट होतं, मग सुकून लाखेसारखं बसतं, आणि मग चाक हलत नाही. हे मला ठाऊक आहे. झोपेत विचारलं तरी सांगेन. पण मी काय विचार केला? हे तेल स्वयंपाकघरातून आलंय का? नाही, औषधाच्या दुकानातून आलंय. म्हणजे हे औषध. औषधानं कुणाचं वाईट होईल? बघा, माणसाला गिळायचं नसलं की तो किती हुशार होतो. उंदराला हे सुचलं नसतं. उंदीर ऐकतो.

आणि चाललं हो मशीन. लोण्यासारखं. ही म्हणाली, "अहो, आज किती हलकं चाललंय चाक." मी म्हटलं, "मी लक्ष ठेवून असतो." शाबासकी घेतली वर. लाज म्हणून नाही.

असा एक महिना गेला आणि ही मला रोज दोन गोळ्या द्यायला लागली. मी म्हटलं, "दोन कशाला?" तर म्हणाली, "तुमचं वय जास्त आहे." एवढंच. मी पुढे विचारलं नाही. दोन्ही तोंडात टाकल्या, एक डाव्या गालात, एक उजव्या. खरं सांगायचं तर एकीपेक्षा दोन सोप्या गेल्या, तोल राहतो. दोन गोळ्या कुठून आल्या, बाटलीत दुसरी कुणाची होती, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? पडला नाही. मी आनंदात होतो. डबी दुप्पट भरत होती.

तीन-चार महिने गेले. मग ही म्हणायला लागली, "अहो, चाक जड झालंय." मी म्हणायचो, "तेल घालतो." आणि घालायचो. तेच. जड झालं की अजून तेच. दुसऱ्या दिवशी अजून जड. दुसऱ्याच्या घरी मशीनची ही दशा बघितली असती तर चोचीच्या टोकाला नाक लावून दोन मिनिटांत निदान केलं असतं. पण स्वतःच्या घरी... जाऊ द्या.

आता जे सांगतो ते मी मुलीलासुद्धा अजून सगळं सांगितलेलं नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगतो.

सकाळचे दहा वाजलेले. ही दाराजवळ उजेडात मशीन घेऊन बसलेली, उशीचे अभ्रे शिवत होती. मी खिडकीशी, शेजारणीचं मशीन उघडून, तीन स्क्रू गालात. तर ही काहीतरी बोलली. अस्पष्ट. आता आमच्या घरी हे रोजचंच, कारण शिवताना तिच्या ओठांत टाचण्या आणि माझ्या गालात स्क्रू. आमच्या घरात तोंड रिकामं ठेवून कुणी बोललेलंच नाही. चाळीस वर्षं आम्ही असेच बोलतो, असेच भांडतो, आणि सगळं कळतं. मला कळलं ते एवढंच, की चाक फिरत नाही.

मला वाटलं, संपलं, तेल लाखेसारखं बसलं, आता ही विचारणार कुठलं तेल घातलंत म्हणून. म्हणून मी उठलो, गेलो, आणि तिच्याकडे बघितलंच नाही. चोर बघतो का घरमालकाच्या तोंडाकडे? मशीनकडे बघितलं. चाक हलवून पाहिलं, खरंच घट्ट होतं. म्हटलं, हेच ते. डिसमिस घेतलं, वरची पट्टी काढली, बाजूची काढली, स्क्रू गालात, आतून कोरायला लागलो. ती शेजारी बसून. तिचा उजवा हात चाकावरून खाली आलेला, मांडीवर पडलेला, मी तोसुद्धा बघितला. मला वाटलं, माझी वाट बघत बसलीय. पुन्हा काहीतरी बोलली. मी वर न बघता म्हटलं, "आधी त्या टाचण्या काढ तोंडातल्या, मग बोल."

ती काही करेना. पुन्हा तसंच बोलली.

मी चिडलो. म्हटलं, "अगं, टाचण्या काढ ना." आणि टाचण्यांची उशी तिच्यापुढे सरकवली... तर सगळ्या टाचण्या उशीतच. एकूण एक. ओळीनं खोचलेल्या, ती खोचते तशा. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंड रिकामं होतं. आणि ओठ एका बाजूनं खाली आलेला, दुमडलेली कड उसवावी तसा.

मी स्क्रू थुंकले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. जमिनीवर कुठे गेले कुणास ठाऊक, शेजारणीचं मशीन अजून उघडंच पडलंय, ती बिचारी विचारतसुद्धा नाही.

वीस मिनिटं, तुम्हाला सांगतो. वीस मिनिटं मी मशीन कोरत बसलो होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भेटल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. पहिला प्रश्न काय, तर, "कधी सुरू झालं?" मी म्हटलं, "दहाला." त्यांनी घड्याळ बघितलं. "मग लगेच का नाही निघालात?" मी म्हटलं, "मशीन उघडत होतो." त्यांना वाटलं मी घाबरून काहीतरी बरळतोय. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. हात कशाला ठेवायचा?

औषध दिलं, धावपळ केली, वाचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. अजून आधी आला असतात तर अजून बरं." मुलगी धावत आली. तिनं आल्या आल्या विचारलं, "डॉक्टर, आई रोज माशाचं तेल घेत होती, त्याचा उपयोग झाला असेल ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उंदरांमध्ये दिसलंय तसं. माणसांचं अजून ठामपणे सांगता येत नाही. त्यापेक्षा रक्तदाबाची गोळी चुकवू नका, आणि असं काही दिसलं तर एक मिनिट थांबू नका."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मी विचारलं, "आणि समजा... तेल पोटात गेलंच नसेल, तर? गेलं असतं तर फरक पडला असता का?"

म्हणाल्या, "आजोबा, सांगता येत नाही."

झालं. पडला असता म्हणाल्या असत्या, तर मी कपाळ बडवून मोकळा झालो असतो. नसता पडला म्हणाल्या असत्या, तर शांत झोपलो असतो. सांगता येत नाही. हे तीन शब्द तेव्हापासून माझ्या गालात बसलेत, गिळता येत नाहीत आणि थुंकता येत नाहीत. पन्नास वर्षांत मला अशी वस्तू भेटली नव्हती. बरं, तेव्हा मी माझ्याच गोळीचा विचार करत होतो असं नका समजू. दोन गोळ्यांतली दुसरी कुणाची, हे मला त्या भिंतीला टेकल्यावर कळलं होतं. चार महिने उशिरा.

घरी आणलं हिला. उजवा हात कापडी बाहुलीच्या हातासारखा. बोलते, पण एकेक शब्द शोधून आणून ठेवावा लागतो. इथली ही व्यायाम शिकवणारी मुलगी, फार गोड, ती म्हणाली, "आजींच्या हाताला सवयीचं काहीतरी काम द्या. घरी काय करायच्या?" आमची मुलगी म्हणाली, "हातमशीन चालवायची." "मग झालं तर, चाक फिरवू द्या, शिवायला नको, नुसतं फिरवायचं, रोज जमेल तेवढं."

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मशीन नीट आहे ना?"

मी म्हटलं, "जरा... साफ करावं लागेल."

आठ दिवस, बरं का. आठ दिवस रॉकेल, चिंधी आणि जुना दातांचा ब्रश. प्रत्येक भोकात, प्रत्येक दात्यात ती पिवळी लाख बसलेली, आणि रॉकेल लागलं की तिच्यातून मासा जागा व्हायचा. सगळ्या घरात वास. दुसऱ्यांनी घातलेलं तेल मी आयुष्यभर काढलं, त्यावरून चार शब्दही ऐकवले. स्वतः घातलेलं पहिल्यांदा काढत होतो, आणि ऐकवायला समोर मीच. ही खाटेवरून बघायची. मान एकीकडे करून नुसती बघायची.

नवव्या दिवशी चाक एका बोटानं फिरलं. मी मशीन उचललं, तिच्या पुढ्यात ठेवलं, तिचा उजवा हात दांड्यावर ठेवला, वर माझा हात ठेवला. आणि म्हटलं, "अगं, एक सांगतो. मी त्या गोळ्या गिळल्या नाहीत. गालात ठेवायचो. तेल यात घातलं. सगळं."

ती मशीनकडे बघत राहिली. आता शब्द आणतेय की राग आणतेय, कळेना.

मग म्हणाली, "मा... हीत आहे."

"कधीपासून?"

"दुस... ऱ्या दिवसापासून. ढेकर... आला नाही."

ऐका. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी आला नाही, हिचं निदान तिथेच पक्कं. आणि मी घाटी वर-खाली करत बसलो होतो चार महिने.

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? वर दोन कशाला देत होतीस?"

तिनं डोळे मिटले. हळूहळू एकेक शब्द आणला. "वाटलं... दोन दिल्या... तर एक तरी... पोटात जाईल."

"आणि ती दुसरी तुझी होती."

"हं."

मी तिच्या हातावरचा हात काढून घेतला. ठेवायची हिंमत होईना. तर तिनं डाव्या हातानं, चांगल्या हातानं, मशीनच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "म्हणजे... मशीनचा मेंदू... शाबूत."

तिच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी यायला वेळ लागतो अजून. मी हसलो की काय केलं ते मला आठवत नाही, नाक मात्र चिंधीला पुसलं आणि दिवसभर रॉकेलचा वास येत राहिला.

तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या रोज एक घ्या, भरवसा मात्र रक्तदाबाच्या गोळीवर ठेवा. हिला एवढी मोठी गोळी अजून गिळता येत नाही, म्हणून मी सुई घेतो, तीच सुई, गोळीला टोचतो, आणि तेल पिळतो. फक्त डबीऐवजी चमच्यात. ती चमचा निमूट घेते. हात माझाच, सुई तीच, चार महिने जे रोज करता आलं असतं ते आता करतोय. तो विचार मनात आला की माझ्या हातातला चमचा कलंडायला लागतो, आणि ती म्हणते, "सां... डू नका. महाग आहे."

मग माझी पाळी. गोळी, पाणी, आणि मग तोंड उघडायचं. ती डाव्या हाताचं बोट घालून दोन्ही गाल तपासते. आधी डावा, मग उजवा, मग जिभेखाली. पन्नास वर्षांची विद्या एका बोटानं संपवली. आणि त्यावरही तिचा विश्वास नाही. म्हणते, तुम्ही घशातसुद्धा ठेवाल. म्हणून ढेकर येईपर्यंत ती चाकाला हात लावत नाही. आणि चाक फिरवलं नाही तर हात सुधारत नाही, हे तिलाही माहीत, मलाही माहीत. काल शंभर वेळा फिरवलं तिनं. मागच्या महिन्यात सातच फेरे जमायचे.

म्हणजे बघा, जो ढेकर टाळायला मी हे सगळं केलं, त्याचीच आता वाट बघत बसतो. आठ वाजता गोळी घेतो आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो, ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघते, मी पोटाकडे बघतो. साडेआठ. नऊ. कधी येतो, कधी येत नाही. नको असताना परक्याच्या घरी यायचा, आता बोलावतोय तर भाव खातोय. परवा दहा वाजले तरी येईना, मला तिच्या हाताची काळजी, म्हणून मी एक खोटा काढला. चांगला काढला हो, मोठा. तिनं नाक वर केलं, हुंगलं, आणि म्हणाली, "मासा... नाही." आणि हात मांडीवरच.

...आली वाटतं. हो, तीच. बघा, आज काठी डाव्या हातात आहे आणि उजव्या हातात पिशवी धरलीय, पिशवी. परवापर्यंत काठीसुद्धा धरवत नव्हती त्या हातात. चला, उठतो. आज सकाळी इथे यायच्या गडबडीत ढेकर राहिलाय, ती विचारणारच. मुलगी म्हणते तेच खरं, उंदीर ऐकतो, पण उंदराचं बरं असतं हो, त्यानं एकदा गिळलं की काम संपलं. त्याला कुणी ढेकर मागत नाही.